विहीरकाकांची जीभ

बेटावरचं पाणी विहीरकाकांच्या जिभेवर चालायचं. विहिरींचा गाळ काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. भर उन्हाळ्यात समुद्राचं पाणी आतून विहिरीत पाझरू लागलं, की घोटभर तोंडात घोळवून ते सांगायचे, "मचूळ झालंय, आठ दिवस थांबा." मग कोणाची टाप होती त्या विहिरीत कळशी सोडायची? "काकांच्या जिभेला पगार सुरू करा," असं शेजारचा न्हावी जातायेता म्हणायचा आणि काका गालातल्या गालात हसायचे.

मग चक्रीवादळ आलं. सकाळी उठलेला वारा दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. घरांचे पत्रे उडाले, धक्क्यावरच्या होड्या शाळेच्या अंगणात येऊन आडव्या पडल्या आणि समुद्र गावातून आरपार गेला. अकरा माणसं दगावली. त्यांत काकू होत्या. भिंत कोसळली तेव्हा त्या भांडी आत घेत होत्या, एवढंच. बेटावरच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या.

लाँचमधून पाण्याची पिंपं यायला लागली. लाँचबरोबर आलेल्या सरकारी साहेबानं स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात एक तरी विहीर पिण्याजोगी झाली नाही, तर सगळ्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर छावणीत न्यावं लागेल. काकू ज्या मातीत गेल्या, ती सोडून जायचं काकांच्या जिवावर येत होतं.

त्यांनी शाळेमागची उंचावरची विहीर धरली. उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे, पुन्हा उपसायची. लाँचच्या पाण्याला ते शिवले नाहीत. "ते लेकराबाळांना द्या, मी माझ्या विहिरीचं पिईन," म्हणायचे. सून सांगून सांगून थकली. पोट बिघडलं, ओठ फुटले, पण म्हातारा हट्टाला पेटला होता. पहिल्या आठवड्यात घोट घशाखाली उतरत नव्हता. तिसऱ्यात सहज उतरू लागला.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी गाव विहिरीवर गोळा केलं. "झालं गोड," म्हणाले. पहिला पेला न्हाव्याला दिला. न्हाव्यानं घोट घेतला, मान वळवून थुंकला आणि पेला खाली ठेवला. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप घालायची सोय नव्हती.

"काय झालं? बोल की."

"जाऊ द्या, काका."

"जाऊ द्या काय? मी सांगतोय ना गोड आहे म्हणून."

सुनेनं आपल्या कळशीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून पुढे केलं. "बाबा, आधी हे प्या."

काकांनी घोट तोंडात घोळवला आणि तोंड वाकडं केलं. "हे कुठलं? यात काय घातलंय? कसंतरीच लागतंय."

"काही घातलेलं नाही, बाबा. लाँचमधलं आहे. आम्ही सगळे महिनाभर हेच पितोय."

काका कठड्यावर बसले. पेला पुन्हा तोंडाला लावला, पुन्हा घोळवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, चाळीस वर्षं बघत आले तसेच.

पेला खाली ठेवून ते म्हणाले, "सामान बांधायला घ्या रे. मी सांगितल्याशिवाय तुम्ही काही हलायचे नाही."