सुमीच्या पायातला काळा दोरा

सुमी किल्ल्यात, मी काठावर... अन् मधात समुद्र! ज्या वाळूवरून आमी चालत गेलतो, तिथं आता लाटा. मी नुसती बोंबलून राह्यली होती — माही पोरगी! माही पोरगी!

थांबा, नीट सांगते. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी भूत-देव कोणी मानत नाही. मीही नाही... तवा नव्हती मानत. माहे भाऊजी कोकणात नोकरीले हायेत, म्हणून मागच्या हिवाळ्यात तिकडं गेलतो. समुद्रात किल्ला, किल्ल्यात देवीचं देऊळ. हे म्हणले, "किल्ला पाहू. देवळात पाय नाही ठेवायचा."

मंग देवळाबाह्यरच्या झाडाले जुन्या लुगड्याची झोयी बांधली, चार महिन्याच्या सुमीले निजवलं. कापूस वेचतांनी आमी असंच करतो — लेकरू झोयीत, आपण वावराच्या दुसऱ्या टोकाले. शिंपले वेचत वेचत दोघंही वाळूवरून परत काठावर आलो. मागं पायलं तं वाटच नाही! आमच्या नदीले पूर येते तं आभाळ आधी सांगते. इथं तं कडक ऊन्ह होतं!

हे पाण्यात घुसले. छातीपर्यंत गेले, लाटेनं फेकून देल्ले. एका म्हाताऱ्या कोळ्यानं ओढून काढलं. "भरती हाय ही! मरायचंय काय?"

"बाबा, लेकरू हाये आत!" मी त्याचे पायच धरले.

"आत? आत तर कोन नाय. पुजारी सकाळीच येऊन गेला."

त्याची होडी दूर, खाडीत. आणेपर्यंत दोन घंटे गेले... माह्या छातीत दूध दाटून चोळी भिजली.

देवळापाशी पोचलो. वारा नाही, पान हालत नाही — अन् झोयी लांब लांब झोके घेऊन राह्यली होती! सुमी जागी, हासत. ओठाले दूध. अंगावर घेतली तं तिनं तोंड फिरवलं. पोट टम्म!

कोळी तिच्या पायाकडं पाहत होता. "हा दोरा तुमी बांधलाव?"

काळा दोरा. आमी नव्हता बांधला.

त्यानं देवळाकडं हात जोडले. मंग आमाले होडीत बसवून काठावर आणलं.

घरी आल्यावर हे म्हणले, "तोड तो. काहून भेतं वं? आपण मानत नाही न हे?"

"मंग तुमीच तोडा न!" मी म्हणली.

कैची घेऊन बसले. बसूनच राह्यले. अखरीले कैची ठेवून बाह्यर गेले.

आता सुमी दीड वर्साची हाये. पाय गुटगुटीत झाला, वाळे दोनदा बदलले. दोरा मातर त्या दिवशी होता तितकाच ढिल्ला हाये... अजूनही माहं बोट जाते त्यात. कसा, ते मले समजत नाही. ठेवू तं भेव, तोडू तं त्याच्याहून भेव.

तुमी लेकुरवाळ्या बाया आहा, खरं सांगा — तुमच्या पोरीच्या पायात असता, तं तोडला असता काय तुमी?