दावं सोडलेला लॅपटॉप

आमच्या लातूरच्या क्लासचे लॅपटॉप सांभाळणारा माणूस जळकोटहून मोटारसायकलवर येतो आणि यंत्रांशी जनावरांसारखं बोलतो. आजवर प्रत्येक लॅपटॉप त्याने स्वतः बसून ऑफिसच्या यंत्रणेला जोडला होता. परवा म्हणाला, "समद्या लॅपटॉपातलं समदं पुसायलोय. चालू केले की आपोआप ऑफिसला जोडले जातेत. दावं सोडलं तरी गाय गोठा वळखती."

माझ्या लॅपटॉपमध्ये वर्षभराच्या प्रश्नपत्रिका होत्या. कॉपी काढलेली असूनही मी तो सोडेना.

"मॅडम, आधी माझा पुसतो." त्याने स्वतःकडचा क्लासचाच लॅपटॉप कोरा केला, वायफाय दिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "न्हाईतर म्हणाल, मीच जोडला."

पडद्यावर आमच्या क्लासचं नाव उमटलं.

"आली बघा घरी," तो हळूच म्हणाला.

मी माझा लॅपटॉप पुढे सरकवला.