बाबांचे हात आणि बिनफेसाचा साबण

नागपूर स्टेशनवर मला पोचवायला बाबा कोराडीहून थेट ड्युटीवरून आले होते. कानामागं कोळशाची काळी रेघ तशीच होती. लग्नानंतर मी नवऱ्याकडं निघाले होते; मुंबईपर्यंत रेल्वे, पुढं इंग्लंडचं विमान. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझ्या दंडावर हात ठेवला आणि भेगाळलेल्या तळव्यात माझ्या नव्या साडीचा धागा अडकला. त्यांनी हात पटकन मागं घेतला. "जाय वं बाई, आमची फिकर करू नको," एवढंच म्हणाले.

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या बेल्टवर कामाला होते. घरी आले की नळाखाली बसून कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणानं अंग घासत. दुसऱ्या कशानं ती काजळी निघायचीच नाही. हिवाळ्यात बोटांतून रक्त यायचं. आई भेगांत जवसाचं तेल भरायची.

मँचेस्टरला लहान मुलांचा शाम्पू बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, आणि ते रक्त का यायचं हे तिथं उमगलं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून मळ सुटतो. पण कडक साबण कातडीचं स्वतःचं तेलही ओढून नेतो आणि त्याचे सुटे कण आत शिरून जळजळ करतात. आम्ही दोन प्रकारचे कण असे मिसळायचो की ते एकमेकांना धरून घोळक्यानं राहत. मळ उचलत, कातडीत फारसे शिरत नसत. फेस मात्र बेताचाच.

मुलगी तान्ही असताना तिला घेऊन कोराडीला गेले. वीजकेंद्राच्या सगळ्या कॉलनीनं तिला कडेवर घेतलं. बाबा हात पाठीमागं बांधून लांबूनच बघत. शेवटी मी विचारलं, नातीला घेत का नाही.

"माह्या हातानं लेकराले ओरखडे पडतीन वं."

मग मी मुलीच्याच बाटलीतल्या शाम्पूनं रोज त्यांचे हात धुऊ लागले. "फेस काहून नाही येऊन राहिला?" म्हणून ते कुरकुरत. काजळी निघायला वेळ लागे, पण भेगा भरत आल्या. मी निघायच्या सुमारास त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीवरून तळवा फिरवला. ती झोपली तरी कुणाला घेऊ देईनात.

येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर मी बाटल्या पाठवत राहिले.

बाबा नोकरीत असतानाच गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. क्वार्टर रिकामं करताना कपाटात बाटल्या सापडल्या, एकही उघडलेली नव्हती. आई म्हणाली, नात पुन्हा आली की लागतील म्हणून ठेवल्या होत्या. स्वतः ते पिवळ्या साबणानंच हात घासत होते.

आईला मी इकडं घेऊन आले. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना पुढचं सांगायला नको. जे तिथं राहिले त्यांच्यासाठी लिहिते. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अजून नागपूर म्हणते. पण तिथं माझी वाट बघणारं आता कुणी नाही. वाट बघणारी आई इथं माझ्याजवळ आहे, आणि ती खिडकीशी बसून नागपूरची वाट बघते.