दोन बोटं वर

त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखा बिबवेवाडीला सलीमभाईंकडे निघालो होतो. कॅमेरा मांडीवर, रिक्षा मार्केट यार्डच्या गर्दीत अडकलेली... आणि त्यांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "काका, अब्बा गेले." रिक्षा परत फिरवायचं सुचलंच नाही. तसाच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

सलीमभाईंचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. माझ्यासारख्या चार-दोन हौशी माणसांसाठी ते जुन्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांना जवळचे फोटो काढायची जोडभिंगं बनवून देत. कंपनीची आता मिळतात कुठे? चष्म्याची काच घासून ते पितळी कड्यात बसवायचे. या कॅमेऱ्यात आपण वरच्या भिंगातून बघतो, फोटो मात्र खालचं भिंग काढतं. माणूस लांब असला तर फरक पडत नाही, जवळ आला की डोकं छाटलं जातं. म्हणून बघून झालं की कॅमेरा दोन बोटं वर उचलायचा, मगच बटण दाबायचं. मी हमखास विसरायचो. "दिसतं तेच मिळतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला, जोशीसाहेब?" एवढं बोलून ते चहा मागवायचे. बायको गेल्यापासून माझा अख्खा आठवडा त्या एका चहावर निघायचा.

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला ते मुळीच जमत नाही. आमच्या शेवटच्या रविवारी नसरीन म्हणाली, "काका, अब्बांचा एक नीट फोटो काढा ना. आधार कार्डावरचा सोडला तर आमच्याकडे एकही नाही." सलीमभाईंनी स्वतःच्या हाताने जोडभिंग चढवून दिलं आणि समोर बसले. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेवर त्यांचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की मी बघतच राहिलो... आणि बटण दाबलं.

रोल धुऊन आला तेव्हा ते नव्हते. फोटोत चेहरा हनुवटीपासून ओठांपर्यंतच आहे, वरचा सगळा छाटला गेलाय. नसरीनने दोनदा विचारलं, दोनदा मी खोटं बोललो. हे वाचून आता तिला कळेलच. रविवारी कुठे जायचं नसतं, तेव्हा तोच फोटो काढून बसतो. मला वर काचेत न दिसलेलं सगळं त्यात आलंय. शर्टाचा खिसा, टेबलाची कड, आणि टेबलावरून उठलेला त्यांचा उजवा हात. तळवा वर करून ते मला सांगत होते, उचला.