ऑर्व्हिलचं रंगवलेलं कोठार

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हेडविग गाडी काढून आयोवाभर जुन्या कोठारांचे फोटो काढत हिंडायची. ऑर्व्हिल म्हाताऱ्याचं, रंग उडून राखाडी पडलेलं कोठार तिच्या मनात भरलं. कलत्या उन्हात फोटो काढायला शनिवारी येते, असं सांगून ती गेली.

शनिवारी येऊन पाहते तो कोठार लालभडक!

"फोटो निघायचा, मग पारोसं कसं उभं करायचं?" ऑर्व्हिल म्हणाला. "चार दिवस राबलोय, बाई."

"स्वतःलाही सोडलं नाही यांनी," बायको म्हणाली. "कान बघा जरा."

हेडविगचा चेहरा उतरला होता, पण ते लाल कान पाहून तिला हसू फुटलं.

"काका, तुम्हीच उभे राहा दारात."

तिने काढलेल्या शेकडो फोटोंत माणूस असलेला तो पहिलाच.