सीतादहीचा आवाज

आज दहीभात कालवताना तोच आंबूस वास आला आणि मी मनानं यवतमाळकडच्या नेरजवळच्या आमच्या वावरात पोचले. तेव्हा मी शहरात पत्रकारिता शिकत होते; मासिकासाठी लिहिणं आणि आवाज-फोटो जोडून डिजिटल गोष्ट सांगणं. कापसाच्या संकटाची वर्षं होती. यवतमाळ म्हटलं की सगळ्या पत्रकारांना रडणारी बाई हवी असायची, आणि फोटोखाली तिचं नाव नसायचं. मीही रेकॉर्डर घेऊन आईसमोर उभी राहिले.

"आई, तुह्यं दुःख सांग नं वं."

"आज सीतादही हाय," ती म्हणाली. "पह्यल्या वेचणीच्या दिवशी वावरात कोनी रडत नाही. चप्पल काढ अन् हे धर."

दहीभाताची वाटी माझ्या हातात देऊन तिनं कापसाच्या पऱ्हाटीला हळदकुंकू वाहिलं. मग वेचणाऱ्या बायांसोबत खळखळून हसली. मी ते हसणंच रेकॉर्ड केलं.

वर्गात ते फोटोंसोबत पडद्यावर लावलं. शेवटी अक्षरं उमटली: 'आवाज : वच्छला राऊत'. माझी मान ताठ झाली.

सुट्टीत आईला ते लॅपटॉपवर दाखवलं. तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "एवढं बारीक काहून लिहिलं?"

तेव्हा मी हसले होते. आता मी मासिक काढते, आणि त्यात फोटोखालचं नाव लेखकाच्या नावापेक्षा मोठं असतं.