दहा हजार फुटांवरचं पित्त

आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या मराठी ग्रुपकडे कॅम्पिंगच्या गोष्टींचा एवढा साठा झालाय की कुणाकडे जेवायला जमलो की पानं घेईपर्यंत कुणीतरी एक काढतोच. दर खेपेला त्यात थोडी भर पडते. मिशिगनच्या ट्रिपमध्ये ब्रेड पळवणारा मांजराएवढा साधा रकून होता, त्याचं आता अस्वल झालंय. कोलोरॅडोच्या ट्रिपमध्ये मात्र कुणी भर घालत नाही. तिथे घालण्यासारखं काही शिल्लकच नाही.

*

शिरीष आमचा ट्रिपप्रमुख. त्याची एक्सेल शीट असते आणि त्या शीटमध्ये चहालासुद्धा वेळ नेमून दिलेली असते. त्या वर्षी सांगलीहून त्याचे वडील, नाना, आले होते. वय बहात्तर, रोज दोन तास चालणारे. त्यांना डोंगरातलं पाइनचं जंगल दाखवायचं म्हणून शिरीषने आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, बुक केली. आम्ही पाचजण होतो. शिरीष, नाना, शिरीषची मुलगी ईशा, मी आणि माझी बायको मेधा.

प्लॅन असा, की सकाळी विमानाने डेन्व्हर, तिथे आरव्ही ताब्यात घ्यायची आणि संध्याकाळच्या आत दहा हजार फुटांवर. ईशा म्हणाली, एक रात्र डेन्व्हरला राहू, आजोबांना हवेची सवय होऊ दे. शिरीषने शीट दाखवली. त्यात तसा दिवसच नव्हता.

ही ईशा ॲम्ब्युलन्सवर काम करते. डॉक्टर होण्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडून तिने हे काम धरलं. त्यावरून बाप-लेकीत दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. पार्टीत कुणी विचारलं तर शिरीष "मेडिकल फील्डमध्ये आहे" एवढं सांगून विषय बदलायचा.

*

नानांची एक पद्धत. नव्या ठिकाणी मुक्काम केला की जेवायच्या आधी तिथल्या देवाला गूळखोबरं ठेवायचं. आरव्ही लावून झाल्याबरोबर त्यांनी समोरच्या ओंडक्यावर वाटी ठेवली, हात जोडले आणि आत आले.

पाच मिनिटांत दारावर टकटक. कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्या बाई हातात वाटी घेऊन उभ्या. या जंगलात अस्वलं आहेत, खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. ईशाने त्यांना समजावलं की हा देवाचा नैवेद्य आहे.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अस्वलालाही तसंच वाटेल."

आम्ही खूप हसलो. नाना हसले नाहीत. कपाळ चोळत ते म्हणाले, डोकं जरा जड झालंय. प्रवासाने असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी भात शिजेना. कुकर घरी राहिला होता आणि एवढ्या उंचीवर पाणी उकळतं लवकर, पण त्याला हवा तेवढा ताप नसतो. मेधाने तासभर खटपट केली, तरी भात कचकचीतच. नानांनी ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने त्यांना उलटी झाली.

"पित्त आहे," ते म्हणाले. झालं! पित्त म्हटल्यावर मराठी माणसाला डॉक्टर लागत नाही. मेधाने आमसुलाचं पाणी दिलं. मी आलं-लिंबू दिलं. शिरीषने बॅगेतून पित्ताची गोळी काढली. पित्ताला जागरण, विमान, भात अशी कारणंही आम्ही मिळून शोधून दिली.

ईशाने आजोबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि तिचा चेहरा उतरला. उंचीचा त्रास आहे, खाली जायला हवं, असं ती तीनदा म्हणाली. शिरीष म्हणाला, माझ्या बापाचं पित्त मी चाळीस वर्षं बघतोय. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना पायरीवर बसले होते. सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. बसल्या जागी धाप लागत होती आणि छातीतून बारीक घरघर येत होती.

ईशाने त्यांना सतरंजीच्या काठावरून सरळ चालायला सांगितलं, टाचेला अंगठा लावून. दोन पावलांत ते कलंडले. मी धरलं म्हणून वाचले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी कोण ते त्यांना आठवेना.

शिरीष म्हणाला, "एक तास बघू. थोडं झोपले की..."

ईशा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. "बाबा, तू मला विचारत नाहीयेस, आय नो. पण आत्ता आजोबा माझे पेशंट आहेत. गाडी काढ."

*

गाडी निघेना. आरव्हीची एक भिंत बटण दाबल्यावर बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. ती आत घेतल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. शिरीष बटण दाबत राहिला, भिंत अर्ध्यावर येऊन करकरत राहिली.

फोनला रेंज नव्हती. ईशाने कॅम्पग्राउंडच्या बाईंना गाठून त्यांच्या रेडिओवरून ॲम्ब्युलन्स मागवली. वर यायला तिला तास-दीड तास लागणार होता. तेवढा वेळ आजोबांकडे नाही, असं ईशा म्हणाली. आपण उतरायला लागायचं, ॲम्ब्युलन्सने खालून निघायचं आणि वाटेत गाठ घालायची, असं तिने ठरवलं.

भिंतीच्या खोबणीत भाजणीचा डबा जाऊन बसला होता. आम्ही चार दिवसांसाठी अकरा डबे आणले होते! मेधा जमिनीवर पालथी पडून लाटण्याने तो डबा ओढत होती. नानांची घरघर आता दारापर्यंत ऐकू येत होती. डबा निघाला तेव्हा मेधाच्या बोटांतून रक्त येत होतं. तिला ते कळलंही नव्हतं.

*

उतारावर गारा सुरू झाल्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये आमचं ते अवाढव्य धूड. शिरीषने गिअर खालचा ठेवला होता, तरी ब्रेकचा जळका वास यायला लागला. आरशात बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

मागे ईशा आजोबांना टेकवून बसली होती आणि नव्वदच्या आसपास हवा असलेला यंत्रावरचा आकडा दर दोन मिनिटांनी मोठ्याने सांगत होती. एकसष्ट. साठ. साठ.

"कसे आहेत?" शिरीष प्रत्येक वळणावर विचारायचा.

"गाडी चालव, बाबा."

मग अठ्ठावन्न आला आणि त्यानंतर त्याने विचारलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. हा माणूस शीटशिवाय कधी काही करत नाही. तो ओठ हलवत रामरक्षा म्हणत होता आणि मधल्या ओळी विसरत होता. बऱ्याच वळणांनंतर मागून आवाज आला, "त्रेसष्ट." पुढे पासष्ट. पाइन विरळ झाले आणि खालच्या फाट्यावर ॲम्ब्युलन्सचे लाल दिवे दिसले.

*

दरीतल्या गावात छोटंसं हॉस्पिटल होतं. ॲम्ब्युलन्सने ऑक्सिजन लावून नानांना तिथे आणलं आणि लगेच आत घेतलं. नाना वाचले, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या घडीला आम्ही नुसते दाराकडे बघत होतो.

नर्स कागद घेऊन बाहेर आली. त्रास कधी सुरू झाला, काय काय दिलं, आकडे किती होते, खाली आणायचं कुणी ठरवलं? पेशंटचा मुलगा म्हणून तिने शिरीषला विचारलं.

 कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ईशाचा हात धरून शिरीषने तिला पुढे आणलं.

"आस्क हर," तो म्हणाला. "आय ॲम ओन्ली द ड्रायव्हर."